अण्णांची एकच हरकत

गणपतीत आमच्या गल्लीत स्पीकरची भिंत लागते. भिंत हा शब्द मी वाढवून लिहीत नाही. ती कौलांना टेकेल एवढी उंच असते आणि तिच्यासमोर उभं राहिलं, की छातीत धडधडतंय ते काळीज आपलं की मंडळाचं, हे समजत नाही. मंगळवार पेठेतली आमची गल्ली आधीच चिंचोळी. भिंतीचं तोंड कुणाच्या ना कुणाच्या दाराकडे होणारच. म्हणून दरवर्षी आदल्या दिवशी एकेक घरमालक मंडळाच्या पोरांना बाजूला घेऊन हळूच सांगतो. कुणाच्या घरात हृदयाचं दुखणं असतं, कुणाच्या घरात बारावी असते, एकाचं तर कुत्रं हळवं आहे. मागणं सगळ्यांचं सारखंच. आमच्याकडे पाठ करून लावा.

उलटं मागणं घेऊन जाणारा गल्लीत एकच माणूस. "आमच्या दाराकडं तोंड करून लावा. आन् वर्गणी वाढवून पायजे तर तसं सांगा."

हे बळवंतअण्णा. माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या घराची मधली भिंत एकच आहे.

पहिल्या वर्षी पोरांना वाटलं, अण्णा टोमणा मारतायत. त्यांनी घाबरून स्पीकर दुसरीकडे फिरवले. अण्णा तरातरा मांडवात आले. "का रं? माझी वर्गणी खोट्या नोटांची हाय काय?" तेव्हापासून भिंत त्यांच्याच दारासमोर. अण्णा उंबऱ्याशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकतात, पाय पसरतात, डोळे मिटतात. खिडकीच्या काचा थरथरतात, फळीवरचे डबे एकेक पाऊल पुढे सरकतात आणि अण्णांच्या चेहऱ्यावर डोक्याला तेल चोळून घेणाऱ्या माणसाचं सुख असतं.

त्या दिवसांत मी बहिणीकडे मुक्कामाला जातो. मी ग्रंथपाल आहे. 'शांतता राखा' ही पाटी माझ्या टेबलामागं टांगलेली आहे आणि वाचक म्हणतात, पाटी काढली तरी चालेल, तुमचा चेहरा आहेच. अण्णा मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं. "पुस्तकं हायत न्हवं तितं? मग मास्तरच की," असा त्यांनी निकाल दिला आणि तो गल्लीनं मान्य केला.

बोलणं हा माझा प्रांत नव्हे. लिहिणंही फारसं नाही. अण्णांबद्दल लिहायला बसलो की एका गोष्टीपाशी हात थांबतो, आणि मी उठून पाणी पिऊन येतो. या वेळी उठायचं नाही असं ठरवलं आहे. पण त्या गोष्टीआधी अण्णा तुम्हाला नीट दिसायला हवेत.

अण्णांची हयात कबनूरला कापडाच्या यंत्रमागांवर गेली. पहाटेची एसटी धरायची, दिवसभर मागाच्या शेडमध्ये उभं राहायचं, अंधार पडल्यावर परत. आधी माग चालवायचे, नंतर जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. एका शेडमध्ये ढीगभर माग एकदम धडधडत असतात. तिथं शेजारच्या माणसाला 'तंबाखू दे' म्हणायचं तर ओठ हलवून दाखवावे लागतात, किंवा गावाला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं. अण्णांनी दुसरा मार्ग धरला आणि निवृत्त झाल्यावरही सोडला नाही. ते हळू बोलतात तेव्हा गल्लीच्या टोकाला कळतं की आज अण्णांकडे वांग्याची भाजी आहे. मोठ्यानं बोलतात तेव्हा पलीकडच्या गल्लीलाही जेवायला यावंसं वाटतं.

शेडमध्ये आवाज थांबला तर कुणालाच बरं वाटत नसे. लाइट गेली असेल, धागा तुटला असेल, नाहीतर कुणाचा हात अडकला असेल. म्हणून आपल्या आसपास जरा शांत झालं की अण्णा दचकून विचारतात, "माग बंद पडला काय?"

हे वाक्य ते कुठंही विचारतात. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पैलवानाच्या शोकसभेत सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे होते. मान खाली, हात जोडलेले. अर्धं मिनिट अण्णांनी कसंबसं काढलं. मग मागून आवाज आला, "माग बंद पडला काय?" पैलवानाच्या मुलालाच पहिल्यांदा हसू फुटलं. दुसऱ्यांदा हे वाक्य आक्काताईंच्या मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात आलं. आक्काताई समोरच्या घरात राहतात. पाहुणे आले, पोहे आले, मुलगी आली आणि सगळेच गप्प. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसलेला. अण्णांना राहवेना. "अवो पावणं, माग बंद पडला काय? पोरगी बोलती, तुमी बी बोला की!" मुलगी खुदकन हसली, मुलानं मान वर केली, आणि ते लग्न झालं. आता आक्काताईंच्या घरी त्याच मुलीचं बाळ आलंय, त्याचा या हकिगतीशी संबंध आहे.

घरातसुद्धा अण्णांना आवाज लागतो. टीव्ही पुढच्या खोलीत चालू असतो आणि अण्णा मागच्या खोलीत बसलेले असतात. फ्रिज घरघरतो म्हणून दुरुस्तीवाल्याला आक्काताईंनी परस्पर पाठवलं, तर अण्णांनी त्याला चहा पाजून परत घालवला. एकदा कुणीतरी त्यांच्या कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी अण्णा त्या पोराला शोधत फिरत होते. "पंखा फिरतोय का न्हाय तेच कळंना झालंय. काय केलंयस ते काढ."

आम्ही हसायचो. अण्णाही हसायचे. माणूस विक्षिप्त आहे असं एकदा ठरलं की त्याच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही, ही मोठी सोय असते. मीही ती घेतली.

आमच्या गल्लीच्या मागं लाकडाची वखार होती. तिथला करवतीचा आवाज सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. आम्ही त्या आवाजाला शिव्या द्यायचो, अण्णा त्याच्या तालावर दाढी करायचे. पुढे मालक थकले, मुलं पुण्याला गेली आणि वखार बंद पडली. काही काळ तिथं नुसता भुसा आणि मांजरं. मग ती जागा संग्राम नावाच्या एका तरुण बिल्डरनं घेतली.

शहराच्या आराखड्यात ती जागा राहण्याच्या घरांसाठी होती. संग्रामला तिथं दुकानं आणि ऑफिसं काढायची होती, म्हणून त्यानं जागेचा झोन बदलून मागितला. पेपरात नोटीस आली, कुणाची हरकत असेल तर कळवावी. अख्ख्या गल्लीचीच होती. आमच्या नळाला पाणी करंगळीएवढं, गटार पावसाळ्यात उंबऱ्याशी येणारं, आणि गाड्यांची रीघ या बोळातून आत घेणार म्हणे! शिवाय मागच्या खिडक्यांतून येणारा उजेड जाणार तो वेगळाच.

पुढारी कुणी व्हायचं यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांच्या घराची मागची भिंत वखारीला लागून, म्हणजे सगळ्यात जास्त झळ त्यांनाच. आणि कचेरीत आपलं म्हणणं ऐकलं जात नाही ही गल्लीची जुनी तक्रार होती, ती अण्णांच्या घशानं कायमची मिटणार होती.

मिटलीही. महापालिकेतल्या सुनावणीला अण्णांनी तोंड उघडलं आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पाण्याचा ग्लास सावरला.

"जरा हळू बोला, मी इथंच बसलोय," साहेब म्हणाले.

"हळू बोललेलं हितं कवा ऐकलंय कुणी, साहेब?"

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. साहेबही हसले. म्हणाले, "असं करा. तुम्ही आणि हे बिल्डर आपसात बसा. काय जमतंय ते एकमतानं लिहून आणा. एकाचीही तक्रार राहिली तर मग मला माझ्या पद्धतीनं जावं लागेल." त्या पद्धतीला किती वर्षं लागतात, हे आम्हालाही माहीत होतं आणि संग्रामलाही.

दोन दिवसांनी संग्राम गल्लीत आला. तिशीतला पोरगा, गॉगल कपाळावर, हातात थर्माकोलची इमारत. अण्णांच्या पुढच्या सोप्यात सगळे जमलेले. त्यानं इमारत मधे ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि मग अण्णांच्या दंडाला धरून त्यांना नळाच्या कोपऱ्यात नेलं. कानाशी लागून काहीतरी पुटपुटला.

"काय?" अण्णा म्हणाले.

तो आणखी जवळ सरकला.

"कोपऱ्यावरचा गाळा? कुणाला, मला?"

सोप्यातल्या सगळ्या माना वळल्या.

"काका, हळू की ओ..."

"आन् त्याच्या बदल्यात मी काय करायचं? ह्यांस्नी गप बसवायचं? आरं मग मोठ्यानं सांग की, ह्यांस्नी बी ऐकू दे. लाजालाईस कशाला?"

"आता गं बया!" आक्काताई म्हणाल्या आणि हसत खालीच बसल्या. पोरगं कानापर्यंत लाल झालं. मला वाटलं, आता हा थर्माकोल उचलून निघणार. पण अण्णांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की गॉगल नाकावर आला. "बस हितं. जे काय असंल ते सगळ्यांम्होरं. आन् वरडून."

तिथून पुढची सगळी बोलणी अण्णांच्या सोप्यात झाली आणि ओरडून झाली. त्यातून एक गोष्ट घडली, जी कुणी ठरवली नव्हती. कुजबुज बंद झाली. कोण कुणाला परस्पर भेटला, कुणी काय कबूल केलं, असल्या संशयाला जागाच राहिली नाही, कारण जे बोललं जाई ते गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचत असे. संग्राम नंतर मला म्हणाला, "मास्तर, मोठ्यानं खोटं बोलायला लई दम लागतो. मला काय जमंना."

एकदा पाणी आणि गटारावरून चांगलीच जुंपली. संग्राम शेवटी उभाच राहिला. "बाबांचं हातकणंगल्याचं रान विकून हितं घातलंय मी! तुमचं गटार तुंबंल, माझं घर बुडंल!"

सगळे गप्प झाले. 

"माग बंद पडला काय?" अण्णा म्हणाले. "बोला की कुणीतरी. पोरगं खरं बोलालंय आता."

मग मात्र भराभर जमत गेलं. गाड्या मुख्य रस्त्याकडून आत घ्यायच्या, बोळाला हात लावायचा नाही. गटार संग्राम नवं घालून देणार आणि त्याला लागून असलेल्या घरांनी खोदाईला आडकाठी करायची नाही. मजल्यांचा प्रश्न आक्काताईंनी सोडवला. त्या उठल्या, थर्माकोलच्या इमारतीचे आमच्या बाजूचे वरचे दोन मजले दोन्ही हातांनी उचलले आणि बाजूला ठेवले. "आता बघ रं. कशी देखणी दिसालीय." संग्रामनं डोकं खाजवलं, एक मजला परत ठेवला, आक्काताईंकडे बघितलं आणि तसाच राहू दिला. आक्काताईंनीही मग तो उचलला नाही.

मी या सगळ्यात बसलेला असे, दाराजवळ, भिंतीला टेकून. मी काहीच मागितलं नव्हतं. शेवटच्या बैठकीत संग्रामनं विचारलं, "मास्तर, तुमचं काय?"

माझं एक होतं. माझी बायको हातकणंगल्याच्या शाळेत शिकवते, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मुलगा नोकरीला बाहेर. वाचनालयाची सकाळची पाळी संपवून मी एक वाजता घरी येतो, एकटा जेवतो आणि आडवा होतो. ती दुपारची झोप हेच माझं काय ते ऐश्वर्य. म्हणून म्हणालो, "बांधकाम चालू असेल तेव्हा दुपारी दोन ते चार काम बंद ठेवता आलं तर बरं."

"बरोबर हाय," आक्काताई म्हणाल्या, "आमचं बाळ बी तवाच झोपतंय." संग्रामला काहीच अडचण नव्हती, माणसं तेव्हाच जेवतात म्हणाला. सगळं ठरलं. सह्यांसाठी कागद पुढे आला.

"आपली हरकत हाय," अण्णा म्हणाले.

आम्हाला वाटलं, गंमत करतायत.

"दुपारचं काम बंद ठिवायला आपली हरकत हाय. बाकी समदं मंजूर."

"अवो अण्णा, बिल्डरची हरकत न्हाय आन् तुमची कशी?" आक्काताई म्हणाल्या.

"हाय म्हणजे हाय."

"का पण?"

"कामाच्या वक्ताला काम व्हावं. दोन-दोन तास मशीन बंद ठिवायचं म्हंजे काय?" अण्णा उठले आणि आत गेले. टीव्हीचा आवाज वाढला.

कागद तसाच राहिला. सुनावणी तोंडावर आलेली. आठवडाभर ओरडून बोललेली गल्ली पुन्हा कुजबुजायला लागली. गाळा ठरला वाटतं. पहिल्याच दिवशी मोठ्यानं बोलले ते नाटक होतं. काम लवकर उरकलं तर फायदा कुणाचा, बिल्डरचाच की! म्हशी पिळून तिथंच ताजं दूध पाजतात त्या दुधाच्या कट्ट्यावर अण्णा आले की म्हशी सोडून बाकी सगळे गप्प व्हायचे. अण्णा पेला तोंडाला लावायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि त्यांचं ते वाक्य काही विचारायचे नाहीत.

मी कुजबुजलो नाही. पण गप्प बसलो, आणि मला गप्प बसायला नको होतं. कारण मला काहीतरी माहीत होतं.

बोलणी चालू असतानाच वखारीच्या जागेवर माती तपासायला बोअरचं मशीन आलं होतं. दुपारभर ते असं काही गरगरायचं की माझ्या कपाटाची दारं वाजायची. मी उशी डोक्यावर घेऊन पडलेला असायचो. अशाच एका दुपारी त्या गदारोळातून मला आणखी एक आवाज आला, मधल्या भिंतीतून. अण्णा घोरत होते. गाढ, लांब श्वासाचं, लहान मुलाच्या बेफिकिरीचं घोरणं. मला राग आला. आपण तळमळतोय आणि हा माणूस झोपलाय! पण ज्या दिवशी मशीन आलं नाही, त्या दुपारी घोरणं नव्हतं. टीव्हीचे चॅनेल बदलत होते. भांडी फळीवरून काढली जात होती आणि पुन्हा फळीवर लावली जात होती. मागचं दार उघडत होतं, मिटत होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी अण्णांकडे गेलो. सोपा ओलांडून आतल्या खोलीत मी कित्येक दिवसांत गेलो नव्हतो. काकी, म्हणजे अण्णांची बायको, गेल्या तेव्हा भेटायला गेलो तेवढाच. कोपऱ्यात काकींचं शिलाई मशीन होतं, मोटर लावलेलं, वर घडी घातलेली सतरंजी. काकी त्यावर गल्लीच्या झंपर-परकरांपासून बाजाराच्या पिशव्यांपर्यंत सगळं शिवायच्या. मशीनच्या पायथ्याशी एक वीट ठेवलेली होती.

"बसा की मास्तर," अण्णा म्हणाले.

मी बसलो. काय बोलायचं ते जुळवत राहिलो.  मग ते जे बोलले ते इतकं हळू होतं की मला पुढे वाकावं लागलं.

"झोप लागत न्हाय ओ."

"बोअर चालू होतं तेव्हा लागत होती," मी म्हणालो.

"ऐकू आलं व्हय तुमास्नी?" ते ओशाळले. "काय करायचं? अंगाला सवय पडलीया. मागावर होतो तवा दुपारच्याला सुताच्या गोणीवर पडलो की डोळा लागायचा, धडधड चालूच. माग सुटलं, तर मागं वखार होती. आन् घरात ही होती. हिचं मशीन दुपारभर चालायचं. मी हितं, अस्सा, आडवा." त्यांनी मशीनजवळची फरशी हातानं दाखवली. "आवाज चालू हाय म्हंजे कोणतरी काम करालंय. घर चालू हाय. मग माणूस झोपतंय."

आता ती गोष्ट येते. मी पाण्याला उठलेलो नाही.

वखार बंद पडली होती, आणि काकी गेल्यानंतरही भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज यायचा. रोज दुपारी, जेवणवेळ टळली की खडखड सुरू. मला वाटलं, अण्णांनी मशीन कुणा बाईला शिवायला दिलं असेल. काकी होत्या तेव्हा कधी बोललो नव्हतो, पण माझी झोप जायची. एक महिना काढला आणि मग एक दिवस, दारातूनच, चप्पलसुद्धा न काढता मी म्हणालो होतो, "अण्णा, दुपारी ते मशीन जरा बंद ठेवता येईल का? झोपमोड होते." अण्णा म्हणाले होते, "व्हय की मास्तर. आदी सांगायचं न्हाय का?" दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. मी छान झोपलो. त्या दिवशी झोपलो, दुसऱ्या दिवशी झोपलो, पुढे कितीतरी दिवस झोपलो.

"काकी गेल्यावर ते मशीन कोण चालवायचं?" मी आता विचारलं.

"मीच."

"तुम्हाला शिवता येतं?"

"मला कुटलं? दोरा बी न्हवता, कापड बी न्हवतं." अण्णा विटेकडे बघत होते. "मोटरचं बटण दाबायचं आन् पायाच्या पेडलवर ती वीट ठिवायची. चालतंय आपापलं. मी आडवा व्हायचो."

बाहेर गल्लीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. अण्णांनी त्या ऐकून घेतल्या.

"मग मी सांगितलं तेव्हा बोलायचं होतं," मी म्हणालो. "तुम्ही कुणाचं ऐकता एरवी?"

"तुमी कदी कुणाला काय मागत न्हायसा, मास्तर. शेजारी ऱ्हायला आल्यापासनं पयल्यांदाच मागितलासा. न्हाय कसं म्हणायचं?"

  'चुकलो' म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो नाही.  मग मी म्हणालो, "दोन ते चारचं मी मागे घेतो. उद्या सगळ्यांना सांगतो."

"नगो. ते लेकरू झोपाय पायजे, ते बी खरंच हाय." अण्णांनी हात झटकला. "मी करतो सही. माझं काय, भागंल कसं तरी."

"मग हे चालू करा. माझी हरकत नाही."

"आन् तुमची झोप?"

"बघू."

त्यांनी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही. दारापर्यंत आल्यावर पुन्हा त्याच बारीक आवाजात म्हणाले, "गल्लीत सांगू नगा. हसतील." मी शब्द दिला.

अण्णांनी सही केली. साहेबांनी कागद वाचला, एकमत आहे ना, असं तीनदा विचारलं, आणि अण्णा तिन्ही वेळा 'व्हय' म्हणाले तेव्हा त्यांनी तिन्ही वेळा ग्लास धरून ठेवला. संग्रामनं गल्लीला पेढे वाटले. पण अण्णांची हरकत अचानक उठली आणि अचानक मिटली कशी, याचं उत्तर गल्लीनं आपल्या मनाशी काढून ठेवलं. कोपऱ्यावरचा गाळा कुणाच्या नावावर होतो, ते बघायला आजही काही जण टपलेले आहेत. मी शब्द दिला होता म्हणून गप्प राहिलो. शब्द पाळण्यात माझी सोयही होती, हे आता लिहून टाकतो. अण्णांचं सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं.

परवा मात्र कट्ट्यावर कुणीतरी त्यांच्या तोंडावर विचारलं, "काय अण्णा, दुकान कसलं टाकणार?" अण्णा हसले. मला ते हसू बघवेना. घरी येताना मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, मला हे सगळं लिहायचंय, तुमचं आणि माझं. 

"लिवा की," अण्णा म्हणाले. "पर मोठ्यानं लिवा. तुमचं हळू लिवलेलं कोण वाचणार?"

मला जमलं तितक्या मोठ्यानं लिहिलंय.

काम सुरू झालं तो पहिला दिवस सांगून थांबतो. सकाळपासून पाया खोदायची मशीनं चालू होती. दोन वाजले आणि ती एकदम थांबली. ठरल्याप्रमाणे. आक्काताईंचं बाळ कुरकुरलं आणि झोपलं. गल्लीत चिटपाखरू नाही. मी सतरंजी टाकून आडवा झालो आणि भिंतीकडे कान दिला.

काही नाही. टीव्हीसुद्धा नाही.

थोडा वेळ थांबलो. भांडं वाजलं नाही, दार वाजलं नाही. पलीकडे अण्णा माझ्या झोपेसाठी श्वास रोखून बसले होते, हे मला भिंतीच्या अलीकडून कळत होतं. माझ्या घरात घड्याळाचा काटा सरकत होता, तो मला पहिल्यांदा ऐकू आला. अशा किती दुपारी मी या घरात एकटाच पडून होतो आणि त्याला विश्रांती म्हणत होतो.

मी उठून बसलो. मूठ वळून भिंतीवर दोनदा आपटली. आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून ओरडलो, "अण्णाऽऽ! माग बंद पडला काय?"

समोरच्या घरात खिडकी उघडली. "कोण वरडालंय गं?" आक्काताईंनी आत कुणाला तरी विचारलं. "मास्तर? आपलं मास्तर?"

मी कान भिंतीला लावून उभा राहिलो. पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. पावलं कोपऱ्यापर्यंत गेली, एक बटण टक्कन वाजलं. मग फरशीवरून काहीतरी जड घासत पुढे सरकल्याचा आवाज आला.

वीट असावी.